एजंटाशिवाय सिबिल दुरुस्त होतं का? फुकटवाल्या डिस्प्युट सेवेचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच सुटता येईल. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपली कर्जं आणि हप्ते यांच्या नोंदीत, खरोखरची चूक असेल तर ती आपली आपल्याला काढता येते, घरबसल्या, एक रुपया न देता. ही नोंद ठेवणाऱ्या कंपन्या म्हणजे ब्युरो, चुकीवर त्यांच्याकडे आक्षेप घ्यायचा तो डिस्प्युट, आणि त्या डिस्प्युटच्या सोयीला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कुठे गेला ते खाली येईलच, त्यातला अर्धा तर नुसत्या फॉर्मने खाल्ला. आणि 'सिबिल क्लिअर करून मिळेल' असा फ्लेक्स लावून बसलेल्या मंडळींना शून्य.

नावांचं आधीच सांगून टाकते. आरबीआयचं लायसन असलेल्या क्रेडिट ब्युरो आपल्याकडे चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. गावाकडे चारींना मिळून सिबिलच म्हणतात, मी पण बोलण्याच्या ओघात तेच म्हणणार, त्यामुळे सिबिल वाचलं की ती एकच कंपनी धरू नका. कोणत्या ब्युरोने नि कोणत्या फायनान्स कंपनीने काय केलं ते नावानिशी लिहीत नाही, चारीकडची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

तर मामला आमच्या आण्णांचा. आण्णा झेडपीचे रिटायर मास्तर, करमाळा तालुक्यात गाव, पेन्शन चालू, आयुष्यात कर्जं घेतली ती शिक्षक पतसंस्थेचं एक आणि पगाराच्या बँकेचं घरासाठी एक, दोन्ही कधीच फिटलेली. आता घरावर वरचा मजला चढवायचा म्हणून बँकेत गेले तर तिथले साहेब स्क्रीनकडे बघत म्हणाले, "गुरुजी, ट्रॅक्टरचे हप्ते का नाही भरले?" आण्णा ट्रॅक्टरवर कधी बसलेले नाहीत, त्यांची झेप स्कूटरपर्यंत. पण रिपोर्टमध्ये ट्रॅक्टर लोन होतं, एका फायनान्स कंपनीचं, स्टेटस रिटन ऑफ, म्हणजे कंपनीने बुडीत धरलेलं, खाली लाखाच्या वरची बाकी, आणि स्कोअर साडेपाचशेच्या घरात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि बँकवाल्यांना साडेसातशेच्या पुढचा आवडतो, म्हणजे मजल्याचं काम तिथेच थांबलं.

धाकट्या भावाने लगेच फेसबुकवरून एक एजंट शोधला. पंधरा हजार, निम्मे आधी, ७५० प्लसची गॅरंटी. मी फोनवर विचारलं की तुम्ही नक्की करणार काय, तर म्हणे "मॅडम आतून सेटिंग आहे आपली". कागद काय पाहिजेत तर आधार, पॅन, कोऱ्या कागदावर सही, आणि आण्णांच्या मोबाइलवर ओटीपी आला की तो सांगायचा. म्हणजे आण्णांच्या नावाने उद्या एखाद्या ॲपवरून कर्ज काढायला जे जे लागतं ते सगळं याच्या हातात, वर पंधरा हजार आपणच द्यायचे! आणि सेटिंग वगैरे काही नसतं हो. ब्युरोलाच दुसऱ्याने दिलेला डेटा स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही, ज्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने माहिती पाठवली तिने हो म्हटल्याशिवाय आकडा हलत नाही, मग आतला माणूस हलवणार काय? हे एजंट करतात ते एवढंच की तोच फुकटचा फॉर्म आपल्या लॉगिनने भरतात आणि रिपोर्टमध्ये जे जे वाईट दिसेल त्या सगळ्यावर सरसकट डिस्प्युट टाकून देतात, लागला तर लागला.

पहिली पायरी रिपोर्ट मिळवायची. आरबीआयच्या नियमाने २०१७ पासून प्रत्येक ब्युरोने कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, नुसता स्कोअर नाही, पूर्ण रिपोर्ट. चार ब्युरो म्हणजे वर्षाला चार. मिळतो, पण एका ठिकाणी महिन्याचा प्लॅन, वर्षाचा प्लॅन असली दुकानं आधी डोळ्यापुढे येतात आणि फुकटची लिंक पार खाली बारीक अक्षरात, तेव्हा कार्डचा नंबर मागितला की समजायचं आपण चुकीच्या दारात आहोत, मागे फिरायचं. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला की स्कोअर कमी होतो हे जे सगळीकडे सांगतात ते खोटं आहे. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते ती मोजली जाते, आपली आपण केलेली नाही.

आता गंमत ऐका. एका ब्युरोने ओळख पटवायला प्रश्न विचारले, पर्यायवाले, तुमच्या कर्जांवरचेच. पहिलाच प्रश्न, तुमचं ट्रॅक्टर लोन खालीलपैकी कोणत्या कंपनीकडे आहे? म्हणजे आण्णांनी आण्णा असल्याचं सिद्ध करायचं तर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचं बरोबर उत्तर द्यायचं. 'यापैकी नाही' दाबलं तर ओळख पटली नाही म्हणून बाहेर. शेवटी तिथे ऑफलाइन जावं लागलं, फॉर्म, आधार-पॅनच्या झेरॉक्स सही करून पोस्टाने. इथे पाव स्टार गेला.

रिपोर्ट हातात आला की लोक सरळ स्कोअरचा आकडा बघतात आणि बंद करतात. तसं करू नका, खरा माल पुढच्या पानांवर असतो. खात्यांचं पान तर बघाच, त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्यावार डीपीडीचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस लेट ते, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे, ००० म्हणजे वेळेवर. एन्क्वायरीचं, म्हणजे कोणी कोणी तुमचा रिपोर्ट मागवला त्याचं, पान बघा, तुम्ही कधी अर्जच केला नाही अशी कंपनी तिथे दिसली तर कान टवकारा. पण आमचं कुलूप उघडलं ते सगळे दुर्लक्ष करतात त्या पहिल्या पानावर, जिथे नाव, जन्मतारीख, ओळखपत्रं, पत्ते, फोन असतात. आण्णांचा पॅन बरोबर होता. त्याखाली मतदार ओळखपत्राचा नंबर होता तो आण्णांच्या कार्डावरचा नव्हता. फोन नंबर तीन, त्यातला एक आमच्या घरात कोणाचाच नाही. पत्ते दोन, दोन्ही मु. पो. अमुक, ता. करमाळा, जि. सोलापूर.

जन्मतारीख, १ जून.

ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख आईबापाला नाही, गुरुजींना माहीत. पोरगं शाळेत आणून बसवलं, तारीख विचारली तर "लई पाऊस झाला त्या साली" असं उत्तर, मग गुरुजी अंदाजाने साल टाकायचे आणि पुढे १ जून, म्हणजे शाळा सुरू होताना वय भरतं. ३१ मेला सरकारी ऑफिसांमध्ये निरोप समारंभांची रांग लागते ती याचमुळे, महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. आण्णा स्वतः असे १ जूनवाले आणि नोकरीच्या सुरवातीला त्यांनीही कितीतरी पोरांना १ जून वाटलाय, ते स्वतःच सांगतात हसत.

आता ब्युरोचं कॉम्प्युटर काय करतं, वेगवेगळ्या बँकांकडून आलेली खाती नाव, जन्मतारीख, ओळखपत्र, पत्ता, फोन जुळवून एका माणसाच्या नावावर लावतं. पॅन असेल तर काम सोपं. पण ते ट्रॅक्टर लोन मतदार कार्डावर दिलेलं, पॅनचा रकाना रिकामा. राहिलं काय, तर नाव. आमच्या गावात अर्धं गाव एका आडनावाचं, त्यात आण्णांच्या नावाचे, बापाचं नावही तेच असलेले अजून एक जण आहेत, त्यांचीही तारीख १ जून, साल तेच, कारण बहुतेक एकाच दिवशी एकाच गुरुजींनी दोघांना बसवलं असणार. पत्त्याला घर नंबर नाही, गल्ली नाही, आख्ख्या गावाचा पत्ता एकच. गावात कोणाची चूक होत नाही कारण एक 'मास्तर' आणि एक 'मळ्यातले'. कॉम्प्युटरला मास्तर नि मळ्यातले कुठून कळणार?

आण्णांनी ते पान वाचलं आणि गप्पच झाले. मला वाटलं राग आला. तर म्हणाले, "अगं, त्याचा ट्रॅक्टर ओढून नेला ते मला माहीत होतं, पण एवढी बाकी राहिली असेल असं नव्हतं वाटलं." भावकीतला माणूस, रोज चावडीवर भेटणारा, त्याचं सगळं उघडं आपल्या हातात. मी सुचवलं की त्यांच्याकडून मतदार कार्डाची झेरॉक्स आणू, काम सोपं होईल, तर आण्णांनी साफ नाही म्हटलं, "त्याच्या दारात जाऊन काय विचारू, तुझं बुडीत कर्ज माझ्यावर आलंय म्हणून?" तो विषय तिथेच संपला, जे करायचं ते आपल्याच कागदांवर करायचं ठरलं.

फॉर्मकडे येते. लॉगिन केल्यावर ज्या खात्यावर आक्षेप आहे ते निवडायचं आणि प्रकार सांगायचा, खातं माझं नाही, खातं दोनदा दिसतंय, का रक्कम किंवा स्टेटस चुकलंय. हे नीट निवडा, इथेच निम्मे लोक गोंधळतात. कर्ज आपलं नसेल तर बाकी शून्य करा असं लिहू नका, ते लिहिलं म्हणजे कर्ज आपलं आहे हे कबूलच झालं, तिथे ओनरशिपचाच डिस्प्युट लागतो. लिहायला जागा इतकी तोकडी की दोन वाक्यांत संपते, मी वापरलेला फॉर्म इंग्रजीत, आणि मध्येच सेशन संपून सगळं परत पहिल्यापासून. अर्धा स्टार इथे गेला. सबमिट झालं की एक डिस्प्युट नंबर येतो तो जपा, स्क्रीनशॉट काढा, आणि त्या खात्यापुढे डिस्प्युट चालू आहे अशी खूण येते ती बँकेलाही दिसते.

पहिला निकाल काय आला? "कर्जदात्याने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे." बस्स. म्हणजे ब्युरोने पोस्टमनसारखा आपला प्रश्न तिकडे नेऊन टाकला, तिकडे कोणीतरी नाव आणि जन्मतारीख बघितली, दोन्ही जुळतात, बरोबर आहे म्हणून ठोकून दिलं. अरे, जुळतात म्हणून तर भांडण आहे! सगळ्यात जास्त माणसं इथे हात टेकतात आणि एजंटाकडे जातात असा माझा अंदाज आहे, आणि अर्धा स्टार इथे कापला, कारण ब्युरोकडे आण्णांचा पॅन होता, दुसऱ्याचं मतदार कार्ड होतं, एवढं बघून निदान दुसरा प्रश्न तरी विचारता आला असता.

मग दोन्हीकडून एकाच दिवशी लावलं. ब्युरोकडे नव्याने डिस्प्युट, या वेळी ओळखपत्र आणि फोन नंबरवरही वेगळा, कारण दुसऱ्याचं मतदार कार्ड आपल्या फाइलमध्ये राहिलं तर कर्ज उद्या परत येऊन चिकटणार. आणि फायनान्स कंपनीला थेट मेल, कस्टमर केअरला नाही, वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या पानावर नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा, मेल असतो त्याला. मेलमध्ये रामायण लिहिलं नाही. लोन अकाउंट नंबर, आण्णांचा पॅन, आण्णांचं मतदार कार्ड, त्यावरचा नंबर आणि तुमच्याकडचा नंबर वेगळा आहे हे एका ओळीत, आणि एक मागणी, या कर्जाच्या करारावरचा फोटो आणि सही तुमच्या फाइलमध्ये काढून आमच्या कागदांशी ताडून बघा. सोबत अजून एक कागद जोडला जो मला वाटतं सगळ्यात कामाला आला. बँका आणि फायनान्स कंपन्यांना चारही ब्युरोंना डेटा द्यावाच लागतो, पण खाती कोणाच्या नावावर चिकटवायची ते प्रत्येक ब्युरोचं कॉम्प्युटर आपापलं ठरवतं. आण्णांच्या चार रिपोर्टांपैकी दोनांत ट्रॅक्टर होता, दोनांत नव्हता. तो ट्रॅक्टर नसलेला रिपोर्ट जोडून दिला, एकाच माणसाचं एका ठिकाणी कर्ज आहे आणि एका ठिकाणी नाही हे कसं ते तुम्हीच सांगा म्हटलं. चारही रिपोर्ट काढा म्हणते ते याचसाठी.

मेलमध्ये शेवटी नियमाची आठवणही करून दिली, ती तुम्हीही द्या, सूर बदलतो. आरबीआयने २६ ऑक्टोबर २०२३ ला सर्क्युलर काढलं, त्यातला नियम २०२४ च्या एप्रिल अखेरीपासून लागू झाला. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. त्यात कर्ज देणाऱ्या कंपनीला २१ दिवस, तिने तेवढ्यात दुरुस्त माहिती ब्युरोला पाठवली नाही तर भरपाई तिच्या खिशातून, तिने वेळेत पाठवली आणि ब्युरोने उशीर केला तर ब्युरोच्या. तक्रार फेटाळली तर कारण सांगायचं, नुसतं 'बरोबर आहे' चालत नाही. तक्रारीच्या फॉर्ममध्ये बँक खातं किंवा यूपीआय लिहायचा रकाना असतो तो भरपाईसाठीच, लोक घाबरून मोकळा सोडतात, सोडू नका. फक्त स्कोअर कमी का दिला या भांडणाला भरपाई नाही, स्कोअर काढायचं गणित त्यांचं, आपलं भांडण माहितीशी.

नोडल ऑफिसरच्या ऑफिसमधून फोन आला तेव्हा पलीकडचा मुलगा बिचारा नीट बोलला, करार काढून बघितला, फोटोच वेगळा माणूस आहे म्हणाला, दिलगिरी वगैरे. त्यानंतरही ३० दिवसांची रेघ ओलांडलीच त्यांनी, पण ट्रॅक्टर गेला. रिपोर्ट परत काढला तर स्कोअर साडेसातशेच्या जरा अलीकडे, बँकेने आण्णांची फाइल परत उघडली. भरपाई तक्रार निकाली निघाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत आपणहून यायला हवी, ती आली नाही, सर्क्युलरचा उल्लेख करून मेल टाकल्यावर आली. रक्कम हजाराच्या आतलीच, पण आली. उरलेला पाव स्टार या मागून घेण्याला.

समजा एवढं करूनही नाही म्हटले असते तर पुढचं दार आरबीआयच्या लोकपालाचं होतं. ब्युरो १ सप्टेंबर २०२२ पासून त्या योजनेत आल्यात, आरबीआयच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार करायची, पैसे लागत नाहीत, माहिती हवी तर १४४४८ वर फोन. मुख्य अट ही, आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली पाहिजे आणि ३० दिवस थांबलेलं पाहिजे किंवा त्यांचं उत्तर पटलेलं नसलं पाहिजे. म्हणून फोनवर भांडण्यात जीव घालवू नका, मेल लागतो.

आता ही सोय कोणाच्या कामाची नाही ते. ऑफिसमधल्या एकाने वर्षामागे क्रेडिट कार्डाचे पैसे बँकेशी बोलून निम्म्यावर मिटवले, रिपोर्टमध्ये सेटल्ड येतं, आता ते डिस्प्युट टाकून घालवायचंय त्याला. नाही जाणार. ती चूक नाहीये, ते खरंच घडलंय. सोडून दिलेली रक्कम भरायची तयारी असेल तर बँकेशी बोलून, भरून, नो ड्यूजचं पत्र घेऊन स्टेटस बदलून मागता येतं, पण ते बँकेच्या राजीखुशीवर. उशिरा भरलेले हप्तेही तसेच, खरे असतील तर राहणार. उलट एकीने कार्ड बंद केलं आणि मागून वार्षिक फीचे काहीशे रुपये लागून ते वाढत बसले, कार्ड बंद केल्याचा मेल तिच्याकडे होता, तिचं काम मात्र पहिल्याच डिस्प्युटमध्ये झालं. मोबाइल नो कॉस्ट ईएमआयवर घेतला असेल तर तेही कर्ज म्हणून रिपोर्टमध्ये दिसू शकतं, ते बघून हे माझं नाही म्हणून लगेच धावू नका, आधी घरातल्या बिलांची फाइल बघा. आणि जामीन राहिला असाल तर तो दुसऱ्याचा ट्रॅक्टरही तुमच्या रिपोर्टला येणार, ती चूक नाही, ती भिडस्तपणाची किंमत.

आमचं काम अजून शंभर टक्के संपलेलं नाही. कर्ज गेलं, मतदार कार्ड गेलं, पण पोस्टाने फॉर्म पाठवला त्या ब्युरोत मळ्यातल्यांचा मोबाइल नंबर अजून आण्णांच्या नावाखाली आहे. रिपोर्ट कोणी बघितला की ब्युरोने एसएमएस किंवा मेल करायचा असतो, तो आण्णांनाच यावा म्हणून हा नंबर काढायला तिसरा डिस्प्युट टाकलाय. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला ब्युरोंना डेटा पाठवावा लागतो, म्हणजे ते ट्रॅक्टरचं खातं दर खेपेला परत वर चढतं आणि कॉम्प्युटर परत नाव-तारीख जुळवत बसतं. नवीन वर्ष लागलं की चारही ठिकाणचे फुकट रिपोर्ट परत मिळतील, तेव्हा आधी ओळखपत्रांचा रकाना बघणार, स्कोअर नंतर.